दोघांची एक वाट : हॅमलिन दांपत्याचे इथिओपियातील कार्य

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी मेळाव्याच्या निमित्ताने भेटतात, तेव्हा बोलण्याच्या ओघात एक वाक्य हमखास कानी पडते : "सर, नोकरी लागली, घर झाले; आता समाजासाठी काहीतरी करावेसे वाटते." ही इच्छा खरी असते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि त्यातील 'काहीतरी' हा शब्द आम्हांस दरवेळी थोडा अस्वस्थ करतो. काहीतरी म्हणजे नेमके काय? किती दिवस? कोणासाठी? आणि ज्यांच्यासाठी करावयाचे, त्यांचे त्यात स्थान कोणते? या प्रश्नांची उत्तरे उपदेशातून मिळत नाहीत. ती एखाद्या घडलेल्या आयुष्यातून शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका दांपत्याची ओळख करून देणार आहोत. त्यांचा देश आपला नव्हे, त्यांचा धर्म आपला नव्हे आणि त्यांनी ज्या भूमीत आयुष्य वेचले ती भूमीही आपली नव्हे. परंतु ज्या माणसांसाठी त्यांनी काम केले, त्या माणसांचे दुःख मात्र आपल्या पूर्वजांना नवे वाटले नसते.

स्वयंसेवा : एक संकल्पना

परक्या देशात जाऊन सेवा करण्याची प्रथा प्राचीन आहे. तथागतांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारिकेला पाठविले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असे सांगितले होते, हे आपण जाणतो. आधुनिक काळात मात्र या सेवेला संघटित रूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर. पिएर सेरेसोल या स्वित्झर्लंडच्या शांततावादी अभियंत्याने १९२० साली फ्रान्समधील व्हर्दं येथील युद्धभूमीजवळ उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारण्यासाठी निरनिराळ्या देशांतील तरुणांना एकत्र आणले. काल ज्यांनी परस्परांवर बंदुका रोखल्या होत्या, त्यांनी फावडी हाती घ्यावीत, ही त्यामागील कल्पना होती. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल आपल्या सहकाऱ्यांसह तेथे पुनर्वसनाच्या कामासाठी आले होते.

पुढे १९५८ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक आणि मोरा डिक्सन या पतिपत्नींनी तरुणांना परदेशी सेवेसाठी पाठविणारी संस्था उभारली. १९६१ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' स्थापन केले. याच योजनेतून जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी मुंबईला आल्या आणि विक्रोळीतील कामगार वसाहतीत परिचारिका म्हणून काम करून गेल्या. संयुक्त राष्ट्रसंघानेही १९७० साली आपली स्वतंत्र स्वयंसेवक योजना निर्माण केली आणि १९८५ पासून ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला.

या सर्व योजनांमध्ये एक गोष्ट समान आहे : मुदत. स्वयंसेवक दोन-तीन वर्षांसाठी जातो आणि परत येतो. त्यात गैर काही नाही. मात्र काही माणसे मुदतीसाठी जातात आणि मुदत संपल्यावर त्यांची खरी सेवा सुरू होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकातील सहकारी परतले, ते राहिले. तेथेच त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. डॉ. कॅथरिन आणि डॉ. रेजिनाल्ड हॅमलिन हे दांपत्य याच कोटीतील होय.

तीन वर्षांचा करार

कॅथरिन निकोल्सन यांचा जन्म २४ जानेवारी १९२४ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झाला. १९४६ साली त्या सिडनी विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. तेथील एका प्रसूतिरुग्णालयात काम करीत असताना त्यांचा परिचय वैद्यकीय अधीक्षक डॉ. रेजिनाल्ड हॅमलिन यांच्याशी झाला. रेजिनाल्ड हे मूळचे न्यूझीलंडचे, वयाने त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठे. १९५० साली त्यांचा विवाह झाला व दोन वर्षांनी त्यांना पुत्र झाला. दोघेही स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील जाणकार. लंडनमध्येही त्यांनी काही काळ काम केले. ऑस्ट्रेलियात त्यांना सुखाचे आणि प्रतिष्ठेचे आयुष्य सहज लाभले असते.

एके दिवशी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एक जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील प्रिन्सेस त्सेहाय रुग्णालयात सुईणींचे प्रशिक्षण विद्यालय सुरू करण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवे होते. करार तीन वर्षांचा होता. १९५९ साली हॅमलिन पतिपत्नी आपल्या सहा वर्षांच्या मुलासह अदिस अबाबात उतरले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे आम्हांस दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, इथिओपिया हा दुबळा, इतिहासहीन देश नव्हता. १८९६ साली अडवाच्या लढाईत या देशाने इटलीच्या आक्रमक सैन्याचा पराभव केला होता आणि १९३६ ते १९४१ ही इटालियन कब्जाची वर्षे वगळता तो स्वतंत्रच राहिला. सम्राट हैले सेलासी यांनी शिक्षणाचा विस्तार आरंभिला, तेव्हा भारतातूनही अनेक शिक्षक तेथील शाळांमध्ये शिकविण्यासाठी गेले होते. दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या नावाविषयी. राजकन्या त्सेहाय ही सम्राटांची कन्या. देशावर संकट आले असता तिने इंग्लंडमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि स्वदेशी परतल्यावर १९४२ साली गर्भारपणातील गुंतागुंतीनेच तिचा मृत्यू झाला. तिच्या स्मृत्यर्थ हे रुग्णालय उभे राहिले. जेथे सम्राटाची लेक बाळंतपणातून वाचू शकली नाही, तेथे डोंगरातील शेतकऱ्याच्या लेकीची काय कथा!

अडलेले बाळंतपण आणि त्याची जखम

अदिस अबाबात पोहोचल्यावर या दांपत्यासमोर एक असा आजार आला, जो त्यांनी आपल्या देशात प्रत्यक्ष कधी पाहिलाच नव्हता. त्याचे नाव प्रसूतिजन्य फिस्टुला. याविषयी आपल्याकडेही फार थोडे बोलले जाते. म्हणून तो समजून घेणे आवश्यक आहे.

बाळंतपणात मुलाचे डोके आईच्या कमरेच्या हाडांच्या घेरातून बाहेर यावे लागते. मुलगी अल्पवयीन असेल, लहानपणापासून अर्धपोटी राहिल्याने तिच्या हाडांची वाढ खुंटली असेल, किंवा मूल आडवे-तिरपे असेल, तर ते मध्येच अडते. शहरात अशा वेळी शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढतात आणि तासाभरात आई व मूल दोघेही सुरक्षित होतात. परंतु ज्या गावापासून रस्ताच दोन दिवसांच्या चालीवर आहे, तेथे ती बाई दोन, तीन, कधी चार-पाच दिवस कळा देत राहते. या काळात मुलाचे डोके आणि आईचे हाड यांच्यामध्ये मूत्राशयाचा व योनिमार्गाचा नाजूक भाग चेपला जातो. त्याचा रक्तपुरवठा थांबतो, तो भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. तेथे भोक उरते. बहुतेक वेळा मूल पोटातच मेलेले असते. आई जगते, पण त्या भोकातून तिचे मूत्र अहोरात्र, थेंब थेंब गळत राहते. जखम गुदाशयापर्यंत गेली असेल तर विष्ठाही. कित्येकींच्या पायांच्या शिरा दबून त्यांना चालता येत नाही. पाणी कमी प्यायले तर गळणे कमी होईल, या समजुतीने त्या पाणी पिणे सोडतात. त्यामुळे लघवी अधिक दाहक होते आणि मूत्राशयात खडे धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जगात दरवर्षी ५०,००० ते १,००,००० स्त्रियांना ही व्याधी जडते. त्या जवळजवळ सर्व आफ्रिका आणि आशिया खंडांतील गरीब स्त्रिया आहेत. अमेरिकेत आणि युरोपात हा आजार जवळपास नाहीसा झाला, तो काही नव्या औषधामुळे नव्हे. तेथे प्रत्येक बाळंतिणीपर्यंत प्रशिक्षित मदत पोहोचली म्हणून. म्हणजे हा रोग शरीरात दिसत असला, तरी त्याचे मूळ बालविवाह, कुपोषण, रस्त्यांचा अभाव आणि स्त्रीच्या जिवाला समाजाने दिलेली किंमत यांत आहे.

गावकुसाबाहेर

या स्त्रियांच्या वाट्याला जे येई, ते वाचताना आमचा हात थांबला. अंगाला दुर्गंधी येते म्हणून नवरा टाकून देई. माहेरचे लोक घरात घेत; पण स्वयंपाकघरापासून दूर, वेगळ्या खोपट्यात ठेवीत. पाणवठ्यावर जाणे, सणासमारंभात बसणे, इतरांसोबत गाडीतून प्रवास करणे, सारे बंद. दैवी शाप किंवा पूर्वीचे पाप अशी त्याची कारणमीमांसा होई. या मुली अठरा-वीस वर्षांच्या असत आणि उरलेले आयुष्य त्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन काढीत.

वेगळे खोपटे, वेगळा पाणवठा, शाप आणि पाप! ही शब्दावली आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, आपला बहिष्कार जन्माने येत असे आणि त्यांचा बाळंतपणाने. दोहोंत साम्य असे की, ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच अपवित्र ठरविण्यात आले.

प्रारंभी प्रिन्सेस त्सेहाय रुग्णालयातही इतर रुग्ण या स्त्रियांच्या वासाची तक्रार करीत. एकाच वॉर्डात त्यांना ठेवणे कठीण होऊ लागले, तेव्हा हॅमलिन दांपत्याने आवारातच त्यांच्यासाठी एक छोटेखानी वसतिगृह बांधून घेतले. तेथे त्या शस्त्रक्रियेची वाट पाहत राहू लागल्या. येथे आम्हांस आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहाची आठवण झाली. जेथे कोणी नाक मुरडणार नाही अशी चार भिंतींची जागा मिळणे, ही माणूस म्हणून पुन्हा उभे राहण्याची पहिली पायरी असते.

शस्त्रक्रियेचा काळा आरंभ

हॅमलिन दांपत्यापुढे प्रश्न होता तो शिकण्याचा. आपल्याला ठाऊक नसलेली शस्त्रक्रिया त्यांनी जुने वैद्यकीय ग्रंथ वाचून आणि इजिप्त, जर्मनी व ब्रिटन येथील तज्ज्ञांचा अनुभव अभ्यासून आत्मसात केली. प्रौढ वयाचे, नावाजलेले दोन डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाले, ही बाब शिक्षक म्हणून आम्हांस फार मोलाची वाटते.

या ज्ञानाच्या इतिहासातील एक सत्य मात्र दडवून चालणार नाही. फिस्टुलाची शस्त्रक्रिया यशस्वी करणारे डॉक्टर म्हणून अमेरिकेतील जेम्स मॅरियन सिम्स यांचे नाव घेतले जाते. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यात त्यांनी आपले प्रयोग केले ते कृष्णवर्णीय गुलाम स्त्रियांच्या देहांवर, भूल न देता. अनार्का, लुसी आणि बेट्सी ही त्यांपैकी तिघींची नावे. एकट्या अनार्काच्या शरीरावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. त्यांची संमती कोणी विचारली नाही; गुलामाला संमती कसली? सिम्स यांचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगतचा पुतळा २०१८ साली हटविण्यात आला. ज्या विद्येने पुढे हजारो स्त्रिया बऱ्या झाल्या, तिचे पहिले मोल या गुलाम भगिनींनी चुकविले आहे. विज्ञानाचा इतिहास शिकविताना शोधकाचे नाव सांगितले जाते. ज्याच्या देहावर शोध लागला, त्याचे सांगितले जात नाही. आमच्या मते दोन्ही सांगावयास हवीत.

करार संपल्यानंतर

ज्या सुईण विद्यालयासाठी हे दांपत्य आले होते, ते थोड्याच काळात शासनाने निधीअभावी बंद केले. तीन वर्षांचा करारही संपला. परतण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. परंतु फिस्टुलाच्या रुग्ण स्त्रिया मात्र येतच होत्या. एखादी बरी होऊन गावी परते, तिची वार्ता खोऱ्याखोऱ्यांत पसरे आणि कोणी भीक मागून गाडीभाडे जमवून, कोणी कित्येक दिवस पायी चालून अदिस अबाबाचा रस्ता धरी. पतिपत्नी राहिले.

त्यांनी १९७४ साली केवळ या आजारासाठीच स्वतंत्र रुग्णालय स्थापन केले. अदिस अबाबा फिस्टुला रुग्णालय हे त्याचे नाव. उपचार पूर्णतः विनामूल्य. दहांपैकी नऊहून अधिक स्त्रिया शस्त्रक्रियेने बऱ्या होत. घरी जाताना प्रत्येकीला नवा पोशाख आणि गाडीभाडे दिले जाई. जिने वर्षानुवर्षे भिजलेले फडके नेसले, तिला कोरे कपडे घालून गावात पाऊल टाकता यावे, यामागील भाव आपण सहज जाणू शकतो. आपल्या समाजालाही स्वच्छ, नीटनेटक्या पोशाखाचा अर्थ केवळ कपडा एवढाच कधी नव्हता.

ज्या वर्षी रुग्णालय स्थापन झाले, त्याच वर्षी सम्राटांना पदच्युत करण्यात आले आणि लष्करी राजवट आली. पुढील सतरा वर्षे इथिओपियाने रक्तपात, यादवी आणि १९८४-८५ चा भीषण दुष्काळ पाहिला. अनेक परदेशी माणसे देश सोडून गेली. हॅमलिन दांपत्याने शस्त्रक्रियागृह चालू ठेवले. त्यांनी राजकीय भाषणे केली नाहीत, पत्रके काढली नाहीत. दाराशी आलेल्या बाईला परत पाठवावयाचे नाही, एवढाच नियम त्यांनी पाळला. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. रुग्णालयात मात्र ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया शेजारशेजारच्या खाटांवर असत.

दांपत्य म्हणून

पतिपत्नी दोघे एकाच कामात असले की लोक कौतुक करतात. पण त्यातील अवघडपण सहसा कोणी पाहत नाही. भांडण झाले तर जावे कोठे? एक थकला तर दुसऱ्याला थकण्याची मुभा उरते काय? मुलाचे बालपण, वृद्ध आईवडील, मायदेशातील नातीगोती यांचा हिशेब दोघांनाही एकाच वेळी चुकता करावा लागतो. हॅमलिन दांपत्याने रुग्णालयाच्या आवारातील लहानशा घरात संसार केला. घर आणि काम यांच्यामध्ये कुंपण नव्हते. दोघेही शस्त्रक्रिया करीत, दोघेही शिकवीत. पती मुख्य आणि पत्नी मदतनीस, अशी रचना तेथे नव्हती.

महाराष्ट्राला याचे पूर्वउदाहरण परिचित आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरी केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. पतीच्या निधनानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या. परदेशी जाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो; त्या दोघांनी पुण्यातच त्याहून रुंद अंतर ओलांडले होते.

डॉ. रेजिनाल्ड यांचे १९९३ साली निधन झाले. कॅथरिन तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. परतण्याचा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. पण सहकाऱ्यांनी धीर दिला आणि त्या राहिल्या. नव्वदी गाठेपर्यंत त्यांच्या हातांनी शस्त्रक्रिया केल्या. २०१२ साली इथिओपियाने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. १८ मार्च २०२० रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातील आपल्या घरी त्या निवर्तल्या. तोपर्यंत त्यांच्या संस्थेत ६०,००० हून अधिक स्त्रियांवर उपचार झाले होते. तीन वर्षांचा करार एकसष्ट वर्षे चालला.

रुग्णाची शल्यविशारद

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, 'गोऱ्या लोकांनी काळ्या लोकांवर केलेल्या दयेची ही कथा. तिचे आम्ही कौतुक का करावे?' हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. दया करणारा उंचावर उभा असतो आणि दया घेणारा खाली. आपल्या चळवळीने दया मागितली नाही, हक्क मागितला. म्हणून कोणत्याही सेवाकार्याला आम्ही एक कसोटी लावतो : सेवा घेणारा माणूस पुढे कोठे पोहोचला?

या कसोटीचे उत्तर मामितू गाशे या नावात आहे. १९६२ साली, सोळा वर्षांच्या सुमारास, अडलेल्या बाळंतपणानंतर ही खेड्यातील मुलगी अदिस अबाबात आणली गेली. तिला अक्षरओळख नव्हती. उपचार चालू असताना ती वॉर्डातील खाटा आवरू लागली, इतर रुग्णांना धीर देऊ लागली. डॉ. रेजिनाल्ड यांनी तिची हुशारी हेरली. प्रथम शस्त्रक्रियेच्या वेळी उपकरणे धरणे, मग टाके घालणे, मग शस्त्रक्रियेचा एखादा भाग, असे करीत करीत मामितू स्वतः शल्यविशारद झाल्या. देशोदेशींचे पदवीधर डॉक्टर फिस्टुलाची शस्त्रक्रिया शिकावयास येत, त्यांना शिकविणाऱ्यांत त्या होत्या. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅमलिन दांपत्याबरोबर मामितू गाशे यांनाही सुवर्णपदक देऊन गौरविले. आणि एवढे सारे झाल्यावर, प्रौढ वयात, त्या वाचावयास शिकण्यासाठी रात्रशाळेत जाऊ लागल्या.

हा शेवटचा तपशील आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. हातात सुवर्णपदक असतानाही ज्या बाईला अक्षरांची भूक राहिली, तिच्यापुढे 'आता शिकून काय करायचे' हे वाक्य टिकत नाही. मामितू एकट्या नव्हत्या. बऱ्या झालेल्या अनेक स्त्रिया त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या मदतनीस झाल्या. ज्यांच्या जखमा पूर्ण भरून येण्यासारख्या नव्हत्या, त्यांच्यासाठी शहराबाहेर 'देस्ता मेंदेर', म्हणजे आनंदाचे गाव, वसविण्यात आले. तेथे त्या शेती आणि छोटे व्यवसाय करून स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या. पुढे बाहिर दार, मेकेले, यिर्गालेम, हरार आणि मेटू येथे शाखा-रुग्णालये झाली आणि त्यांतून इथिओपियाचेच डॉक्टर काम करू लागले.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जखम शिवणे म्हणजे रोग संपविणे नव्हे, हे कॅथरिन ओळखून होत्या. २००७ साली त्यांनी सुईणींचे महाविद्यालय सुरू केले. ज्या कामासाठी त्या १९५९ साली आल्या होत्या आणि जे अर्ध्यावर बंद पडले होते, ते सुमारे अर्धशतकानंतर त्यांनी पुन्हा हाती घेतले. या महाविद्यालयात ग्रामीण भागातील मुली निवडल्या जातात, त्या निवासी राहून शिकतात आणि शिक्षण संपल्यावर आपल्याच भागात कामाला जातात. दुर्गम गावात प्रशिक्षित सुईण पोहोचली की अडलेली बाई वेळेत ओळखली जाते आणि फिस्टुला होण्याआधीच तो टळतो.

आपल्या दारी

हा दूरदेशीचा आजार म्हणून आपण निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील जवळपास २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली लेक गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर म्हणून लग्न उरकले जाते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाचा भार एकट्या बाईने वाहावयाचा नसून शासनानेही त्यातील काही वाटा उचलला पाहिजे, हे त्यांनी स्पष्ट केले होते. तो विचार अजून प्रत्येक पाड्यावर पोहोचलेला नाही.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर घरी गेली, ती परतलीच नाही. निकाल चांगला होता. आम्ही एक पत्र पाठविले, उत्तर आले नाही आणि आम्ही हजेरीपट नव्या नावांनी भरला. दोन वर्षांनी तालुक्याच्या बाजारात तिची आई भेटली. लेकीचे कसे काय, असे विचारता ती माउली एवढेच म्हणाली, "पोर वाचली गुरुजी, बाळ गेलं." बाळंतपण दोन दिवस अडले होते. तिला वेळेत जीप मिळाली, म्हणून ती वाचली. त्या मुलीचे गाव आमच्या घरापासून चाळीस किलोमीटरवर आहे. हॅमलिन दांपत्य सिडनीहून अदिस अबाबाला गेले; आम्ही चाळीस किलोमीटर गेलो नाही. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु स्मरणिकेत केवळ यशाच्याच स्मृती असाव्यात, असे आम्ही मानत नाही.

त्यानंतर आम्ही एक शिरस्ता पाळतो. जून महिन्यात जी मुलगी परत येत नाही, तिच्या घरी आठ दिवसांच्या आत जातो. आम्ही एकटे गेलो तर पुरुषमाणसे ओसरीवर बसवून चहा पाजतात आणि गोड बोलून वाटेला लावतात. म्हणून अलीकडे आमची पत्नीही सोबत येते. ती थेट चुलीपाशी जाऊन आईजवळ बसते आणि खरे बोलणे तेथेच होते. दोघांनी एका वाटेने जाण्याचा उपयोग आम्हांस असा उशिरा कळला. काही मुली परतल्या, काही परतल्या नाहीत.

समारोप

माजी विद्यार्थ्यांच्या 'काहीतरी' या शब्दापासून आम्ही आरंभ केला होता. हॅमलिन दांपत्याच्या जीवनातून त्याची काही उत्तरे हाती येतात. एक, काम मोठे असावे लागत नाही, नेमके असावे लागते. त्या दोघांनी एकच आजार धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. दोन, जे येत नाही ते शिकण्याची लाज बाळगू नये. तीन, ज्याची सेवा केली, त्याच्या हाती उपकरण देता आले पाहिजे. अन्यथा ती सेवा उपकार होऊन बसते. आणि चार, मुदत संपल्यावर मागे वळून पाहावे की दाराशी कोण उभे आहे.

प्रत्येकाने परदेशी जावे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, अभियंते झाले आहेत, त्यांनी वर्षातील जून महिन्याचे काही दिवस जरी या विद्यालयाला दिले, तरी पुष्कळ होईल. परत न आलेल्या मुलींची यादी आमच्याकडे असते. गावांची नावे लिहिलेली असतात. शक्य असल्यास जोडीने यावे.